कानस आधी, प्रिंटर नंतर! छोट्या रेल्वेच्या निमित्ताने हात आणि संगणकाचा वाद

शाळेचे विज्ञान प्रदर्शन असो की गणेशोत्सवातली आरास, रेल्वेचे मॉडेल कुठेतरी असतेच. पुठ्ठ्याचे डबे, आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर, बाटलीच्या झाकणांची चाके. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि पांढऱ्या-निळ्या गाडीचे जिल्ह्यातल्या मुलांना नवे आकर्षण मिळाले. त्याच सुमारास थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर आणि संगणकावर आराखडा काढण्याची मोफत सॉफ्टवेअर सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आता मॉडेल हाताने करायचे की संगणकावर आराखडा काढून यंत्राकडून करून घ्यायचे? जगभरचे मॉडेल रेल्वे करणारे या प्रश्नावर वाद घालतात. प्रश्न छंदाचा वाटतो. पण पोलादावर आणि कारखानदारीवर पोट असलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्यात तो मुलांच्या शिक्षणाचा आहे.

मॉडेल रेल्वे म्हणजे नेमके काय?

खेळण्यातली आगगाडी आणि मॉडेल रेल्वे यांत फरक मापाचा आहे. खेळणे गाडीसारखे दिसले की पुरे. मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान केलेली असावी लागते. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १ : ८७. खऱ्या वस्तूच्या मापाला ८७ ने भागायचे.

भागाकार करून पाहा. आजचा एलएचबी डबा २३.५४ मीटर लांब असतो. मॉडेलमध्ये तो सुमारे २७ सेंटिमीटरचा होतो. आठ डब्यांची वंदे भारत सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका भिंतीलगत मावते. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस साडेसहा मीटर, म्हणजे २१ फुटांहून लांब होते आणि तिच्यासाठी घरातली एक खोली पुरत नाही. जालना ते बदनापूर हे साधारण २० किलोमीटरचे अंतर प्रमाणात ठेवायचे, तर २३० मीटर लांब जागा लागेल. म्हणजे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते की काय ठेवायचे आणि काय गाळायचे. हा निर्णय कोणतेही यंत्र आपल्यासाठी घेत नाही.

महाराष्ट्रात असे काम कुठे पाहता येते?

सगळ्यात परिचित उदाहरण पुण्याचे. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. एका टेबलावर वसवलेल्या शहरातून तिथे गाड्या धावतात. सिग्नल, उड्डाणपूल, रस्त्यावरचे दिवे असे सगळे त्यात आहे. पाहणाऱ्याचे लक्ष गाड्यांकडे जाते. पण खरे काम टेबलाखाली असते. कोणता रूळ कोणत्या विद्युत मंडलावर आहे, एक गाडी फलाटावर असताना दुसरीला कुठे थांबवायचे, सांधा बदलला की सिग्नल कसा बदलायचा, याची आखणी आणि तारांची जोडणी हाच अशा मॉडेलचा प्राण असतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे २००१ मध्ये सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलँड’ याच कामाचे जगातले सर्वात मोठे रूप मानले जाते. तिथे गाड्यांची वाहतूक संगणक सांभाळतात, पण डोंगर, घरे आणि माणसे मांडण्याचे काम कारागिरांच्या हातांनी होते.

भारतीय गाडीची वेगळी अडचण कोणती?

इथे गोष्ट रंजक होते. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. युरोप-अमेरिकेतल्या रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले की बरोबर हाच आकडा येतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला ८७ ने भागले, तर उत्तर १९.३ येते. तयार रूळ आपल्या गाडीला पावणेतीन मिलिमीटरने, म्हणजे जवळपास १४ टक्क्यांनी अरुंद पडतो. डबा मापात केला तर चाके आत गेल्यासारखी दिसतात आणि गाडी अंग चोरून उभी असल्यासारखी वाटते.

जालन्याच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मार्ग तयार झाला तो मीटरगेज. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हे त्याचे जुने नाव. जालना, रांजणी, परतूर ही सगळी त्या छोट्या गाडीची स्थानके. १९९० च्या दशकात इथला मार्ग ब्रॉडगेज झाला. मीटरगेजच्या १,००० मिलिमीटरला ८७ ने भागले की ११.५ येतात, आणि युरोपातल्या डोंगरी मीटरगेज गाड्यांच्या मॉडेलसाठी १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. म्हणजे जालन्याची आजची रेल्वे तयार रुळावर नीट बसत नाही, पण बंद झालेली जवळपास बसते. मात्र तिची इंजिने, डबे आणि स्थानके तयार मिळण्याची आशा धरू नये. ती कुणालातरी करावीच लागतील.

हाताने काम करणारा काय करतो?

पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पातळ शीट, स्टीलची पट्टी, कटर, गुण्या, बारीक कानस, पॉलिश पेपर आणि झाळण्यासाठी सोल्डरिंग आयर्न. एवढ्या सामानात डबा होतो. पितळेच्या पत्र्याचे काम करणारे त्याहून पुढे जातात. रूळ हाताने बसवणारे लाकडी स्लीपरवर एकेक खिळा ठोकतात. भारतीय ब्रॉडगेज खऱ्या मापात हवा असेल, तर आजही हाच रस्ता बहुतेकांना धरावा लागतो.

यात यश-अपयशाचे अंतर फार थोडे असते. दोन रुळांमध्ये अर्धा मिलिमीटर चुकला की गाडी तिथेच घसरते. गुण्याला न लावता कापलेली बाजू डबा जोडताना पीळ दाखवते. चूक कुठे झाली हे कुणी सांगावे लागत नाही, वस्तूच सांगते.

स्थानिक सामानही उपयोगी पडते. रेल्वेच्या खडीचा साधारण ५० मिलिमीटरचा दगड १ : ८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, म्हणजे रव्याच्या कणाएवढा होतो. स्टोन क्रशरची काळी चुरी पिठाच्या आणि रव्याच्या चाळणीतून पाठोपाठ गाळली की मराठवाड्यातल्या काळ्या दगडाची खडी मिळते. ती पातळ केलेल्या फेविकॉलने रुळाशेजारी बसवायची. परदेशी पाकिटातल्या राखाडी खडीला हा रंग येत नाही.

संगणकाने काय बदलले?

बरेच काही, आणि चांगले. एकदा खिडकीचा आराखडा काढला की ती वीस वेळा सारखी येते. हाताने वीस खिडक्या कापताना अठराव्या खिडकीला कंटाळा दिसतोच. आराखड्यातले एक माप बदलले की बाकीची मापे त्याच्याशी जुळवून घेतात. जुना आयसीएफ डबा २१.३ मीटरचा, एलएचबी २३.५४ मीटरचा, पण म्हणून बोगीपासून जोडणीपर्यंतचा प्रत्येक भाग नव्याने काढावा लागत नाही.

दुसरा फायदा वाटून घेण्याचा. परतूरमधल्या मुलाने केलेली फाइल नांदेडमधला मुलगा त्याच रात्री छापू शकतो. हाताने केलेला डबा एकाच्याच कपाटात राहतो. तिसरा फायदा किमतीचा. प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा साधा प्रिंटर आज चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. रेझिनचा प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर देतो. त्यावर इंजिनाचे रिव्हेटसुद्धा उठतात. गाड्या चालवण्यातही फरक पडला. पूर्वी सगळ्या रुळावर एकच वीज असे आणि त्यावरची सगळी इंजिने एकदम पळत. डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनात छोटी चिप असते आणि एकाच रुळावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात.

हात थरथरणाऱ्या ज्येष्ठाला, नजर अधू झालेल्याला किंवा एका हाताने काम करणाऱ्याला संगणकाने हा छंद नव्याने खुला केला, हेही खरे. त्यामुळे ‘यंत्राने केले ते काम खरे नव्हे’ असे म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. आराखडा काढणे ही कारागिरीच आहे. हातात पेन्सिल असो की माउस, विचार करावाच लागतो.

मग वाद कशाचा?

वाद क्रमाचा आहे. संगणक वापरावा की नाही, यावर आज भांडण्यात अर्थ नाही. हात आणि माप शिकण्याआधीच प्रिंटर हाती आला तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. फाइल डाउनलोड करायची, बटण दाबायचे, वस्तू काढून घ्यायची. अशा वेळी मूल कारागीर होत नाही, गिऱ्हाईक होते. दुकानातून आणलेल्या आणि प्रिंटरमधून काढलेल्या खेळण्यात मग शिकण्याच्या दृष्टीने फरक राहत नाही.

यात एक फसगतही आहे. इंटरनेटवर रेल्वेच्या असंख्य मोफत फाइल मिळतात, पण त्यातल्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांच्या. ज्याला १६.५ आणि १९.३ यांतला फरक माहीत नाही, तो परदेशी बोगीवर भारतीय डबा चढवून मोकळा होतो. प्रिंटर तक्रार करत नाही. चुकीचे मापही तो तितक्याच सफाईने छापतो. हाताची चूक ओबडधोबड दिसते म्हणून पटकन सापडते. यंत्राची चूक गुळगुळीत असते, म्हणून ती खरी वाटते.

प्रिंटरला काय कळत नाही?

तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले, जाडी. डब्याचा पत्रा साधारण दोन मिलिमीटर जाड असतो. प्रमाणात तो ०.०२ मिलिमीटर, केसापेक्षा पातळ व्हायला हवा. तसे छापता येत नाही. साध्या प्रिंटरवर टिकाऊ भिंत एक मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. ती खऱ्या डब्यात ८७ मिलिमीटरची, म्हणजे साडेतीन इंची भिंत झाली! खिडकीतून ती जाडी लगेच दिसते. जुना कारागीर खिडकीची कड आतून तिरकी घासतो. बाहेरून पाहणाऱ्याला पत्रा पातळ वाटतो. ही युक्ती संगणकावरही काढता येते, पण कानस धरलेल्यालाच ती सुचते.

दुसरे, वळण. ब्रॉडगेजवर सर्वात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर मानली जाते. मॉडेलमध्ये ती दोन मीटर होते. घरात दोन मीटर त्रिज्येचे वळण बसवायचे तर खोलीच रिकामी करावी लागेल. खेळण्याच्या संचातले रूळ ३६ सेंटिमीटर त्रिज्येतही वळतात. त्यावर २७ सेंटिमीटरचा एलएचबी डबा नेला की डब्याची टोके बाहेर लोंबतात आणि शेजारचा खांब पाडतात. संगणकाच्या पडद्यावर वळण सुरेख दिसते. डबा हाताने ढकलून पाहिला की सत्य कळते.

तिसरे, जोडकाम. आराखड्यात दोन मिलिमीटरचे ठेवलेले छिद्र साध्या प्रिंटरमधून बहुधा थोडे लहान येते. आस बसत नाही, किंवा बसला तर चाक फिरत नाही. छिद्र हाताने ड्रिल करून मोठे करावे लागते. आधाराचे तुकडे काढणे, थरांच्या रेषा पॉलिश पेपरने घासणे, अस्तर लावणे, रंग देणे हे सगळे पुन्हा हातावरच येते. रेझिन वापरत असाल तर हातमोजे, हवेशीर जागा आणि छापलेली वस्तू धुऊन अतिनील प्रकाशात पक्की करणे हेही आले; ते काम लहान मुलांच्या हाती एकटे सोडू नये.

विरोधकांचे म्हणणे काय?

‘मुलांना पुठ्ठा कापायला लावून वेळ का घालवायचा? उद्या सगळे काम संगणकावरच होणार आहे,’ असा एक मुद्दा मांडला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कंपन्यांत आज आराखडे संगणकावरच होतात. फलकावर टी-स्क्वेअर घेऊन रेखाटन करणारे दिवस गेले. गरीब घरातल्या मुलाला संगणकाचे कौशल्य लवकर मिळाले तर त्याचा फायदाच आहे.

पण आयटीआयचा फिटर ट्रेड आठवा. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात विद्यार्थी सुरुवातीलाच लोखंडाचा तुकडा कानसीने घासून चौरस करायला शिकतो. आखणी, पंच मारणे, करवत, कानस. कारखान्यात हे काम यंत्र क्षणात करते, हे शिकवणाऱ्यालाही माहीत असते. तरी ते शिकवले जाते. कारण अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, काटकोन म्हणजे काय आणि धातू कुठे ऐकतो, कुठे ऐकत नाही, हे हाताला कळल्याशिवाय यंत्राला नेमके काय सांगायचे ते कळत नाही. पुढे सीएनसी यंत्रावर उभा राहणारा उत्तम कामगार बहुधा त्यातूनच तयार होतो.

पुठ्ठ्याच्या डब्याला लागतात चार तास आणि एक कटर. एवढ्यात संगणकाचे शिक्षण मागे पडत नाही.

याचा जालन्याशी संबंध काय?

जालना ओळखले जाते सळया आणि बियाण्यांसाठी. रोलिंग मिलपासून शेती अवजारे दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत इथे हाताच्या कौशल्यावर संसार चालतात. ट्रॉलीचा साटा वाकला तर नजरेने अंदाज घेऊन सरळ करणारा मिस्त्री कोणत्याही गावात सापडतो. पोळ्याला मातीचे बैल घडवणारे हातही इथलेच. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही आणि ज्याच्या हातात आहे, त्याला त्याचे मोल कुणी सांगितलेले नाही.

दुसऱ्या बाजूने शाळांत यंत्रे येत आहेत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेला २०१६ मध्ये सुरुवात झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच्या या प्रयोगशाळा देशभरात दहा हजारांवर शाळांना मिळाल्या, प्रत्येकी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि थ्रीडी प्रिंटर हा त्यातला ठरलेला भाग. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. यंत्र येईल हे दिसतेच आहे. त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलाने आधी मोजपट्टी नीट धरली असेल का, हे मात्र अनुदानातून ठरत नाही. कार्यानुभवाचा तास परीक्षेच्या तयारीला देऊन टाकण्याची सवय आपण मोडणार नसू, तर लाखोंच्या प्रयोगशाळेतून किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या आणि डाउनलोड केलेली खेळणी बाहेर पडतील.

आणखी एक गोष्ट हातातून निसटते आहे. मीटरगेजची गाडी रोज पाहिलेली, तिच्यात काम केलेली पिढी आता म्हातारी झाली. त्या काळातल्या इमारती, गोदामे, पाण्याच्या टाक्या जिथे उरल्या असतील, तिथे त्याही नव्या कामात पाडल्या जातील. त्यांची मापे घेतली गेली नाहीत, तर उद्या कितीही भारी प्रिंटर असला तरी छापायला काही उरणार नाही.

मग करायचे काय?

उपाय महाग नाही. एका शाळेने एक स्थानक निवडावे. बदनापूर, परतूर, रांजणी, कुठलेही. रेल्वेची परवानगी घेऊन, शिक्षकांसोबत, रुळांवर न जाता इमारतीची मापे घ्यावीत. जिथे पट्टी पोहोचत नाही तिथे विटांचे किंवा दगडांचे थर मोजावेत. समोरून काढलेल्या फोटोत रुळांमधले १,६७६ मिलिमीटर हे अंतरच पट्टीचे काम करते. मग आजोबांच्या वयाच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला वर्गात बोलवावे आणि जुने स्थानक कसे होते ते विचारावे.

पहिले मॉडेल पुठ्ठ्याचे, हाताने. ते वाकडे होईल, होऊ द्यावे. कुठे वाकडे झाले आणि का, याची वहीत नोंद ठेवावी. गावातल्या वेल्डरला, सुताराला एक तास बोलवून गुण्या कसा लावायचा, पत्रा कसा कापायचा ते पाहावे. त्यानंतर त्याच मापांवरून संगणकावर आराखडा काढावा. फ्रीकॅडसारखे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते. वीस सारख्या खिडक्या, कठड्याच्या जाळ्या, सिग्नलचे खांब प्रिंटरने करावेत. जमीन, खडी, झाडे आणि रंग हाताने. शेवटी फाइल सगळ्यांसाठी मोफत ठेवावी, म्हणजे पुढच्या शाळेला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

अशा वर्गात गुण कशाला द्यायचे, हेही ठरवावे लागेल. सर्वात सुबक मॉडेलला बक्षीस दिले तर पालक विकतचे मॉडेल आणतील. ते बक्षीस मापांच्या वहीला द्यावे. कोणते माप कसे घेतले, कुठे चुकले, चूक कशी सुधारली हे ज्या मुलीला किंवा मुलाला सांगता येईल, त्याच्या हाती प्रिंटर निर्धास्तपणे सोपवावा. ज्याला सांगता येणार नाही, त्याला आणखी थोडे दिवस पुठ्ठा आणि कटर द्यावा.